बाहीतला पीळ

दहिसर,
११ जानेवारी १९८७

दादा,

सुगंधाचा नमस्कार. वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. जन्मात कधी तुला तीर्थरूप म्हटलं नाही. आता तीन वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना म्हटलं असतं तर तू पाकीट तसंच परत पाठवलं असतंस.

इकडे आम्ही दोघी बऱ्या. आईचा गुडघा थंडीत धरतो, तरी नळावर हंडा घेऊन तीच जाणार. तू पाठवलेली आमसुलं पोचली. तुझी पत्रं आईला मीच वाचून दाखवते, त्यामुळे तुझं सगळं मला कळत असतं. तू पिठाच्या गिरणीवर लागलास, मालनवहिनीने परसात मिरच्या लावल्या, पडवी शाकारून झाली. पत्रात माझ्यासाठी ओळ नसते. आईला मी शेवटी 'सुगंधाला आशीर्वाद' असं माझ्या पदरचं वाचून दाखवते, नाहीतर ती दिवसभर नीट जेवत नाही. हे तुला सांगायला नको होतं, पण लिहून झालं.

काम असल्याशिवाय मी पत्र लिहिणार नाही हे तू ओळखलंच असशील. काम आहे, आणि ते कापडाचं आहे.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या कारखान्यात मी लागले तेव्हा शर्टांचे लोंबते धागे कापायचे. मग काजं-बटणं, मग मशीन. आता वर्ष झालं, सॅम्पलच्या टेबलावर बसते. सॅम्पल म्हणजे पहिला नग. तो गिऱ्हाइकाला पसंत पडला की तसेच हजार निघतात. टेबलावर आम्ही दोघंच, मी आणि राजाराम मास्टर. मास्टर कापड बेततात आणि कापतात. साठीला आलेत, चष्म्याला दोरी बांधतात. बाईमाणसाच्या हातात ते कात्री देत नाहीत असं सगळ्या म्हणायच्या. मला दिली. कागदावर बेत कसा काढायचा तेही शिकवलं.

दिवाळीनंतर शेठकडे परदेशातली एक बाई आली. तिला जीनच्या कापडाची जॅकेटं हवी होती. अंगातलं जुनं जॅकेट काढून तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, असं करा, पण याच्याहून चांगलं करा. शेठने ते माझ्याकडे सरकवलं, "उसव आणि बघ."

दोन दिवस मी ते उसवत होते. एक टाका ओढून काढला नाही, एकेक कापला. कॉलर, कफ, कमरेची पट्टी, खिशांच्या झडपा धरून एकोणतीस तुकडे निघाले. प्रत्येकाला इस्त्री केली, खाकी कागदावर उतरवला, आणि मग विचार करत बसले की याच्याहून चांगलं म्हणजे काय? जुनं जॅकेट घालून हात वर केला की सगळं जॅकेट पोटावर चढायचं. म्हणून बगलेचा घेर मी वर घेतला आणि पाठीला दोन बोटं कापड जास्त दिलं. आता हात उचलला तर नुसता हातच उचलतो. दुसरं म्हणजे, ती बाई बोलताना सारखी हात कुठे ठेवायचे ते शोधत होती. छातीवर खिसे होते, पण हात घालायला कुठेच नाही. मी दोन्ही बाजूंच्या शिवणीत तिरके खिसे घातले. मास्टर म्हणाले, "हे कोणी सांगितलं तुला?" म्हटलं, तिच्या हातांनी.

शिवायला हे कापड म्हणजे वैरी आहे. अठरा नंबरची सुई लागते. चार पदर एकत्र येतात तिथे तीसुद्धा मोडते. मग आधी तो जोड लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून चपटा करायचा आणि मग सुई घालायची. सगळ्या मुख्य शिवणी दुमडून दुहेरी. आतून बघितलंस तरी कापडाची एक कच्ची कड दिसणार नाही. दोरा मधाच्या रंगाचा, इंचाला आठ टाके, सात नाही आणि नऊ नाही. तांब्याची बटणं मी स्वतः ठोकली. झालं तेव्हा सगळ्या बायका मशीन सोडून बघायला आल्या. झकास दिसत होतं, दादा. खरंच.

मग ते धुवायला गेलं. हल्ली हे कापड मोठ्या ड्रममध्ये दगडांबरोबर घोळवून धुतात, म्हणजे नवं जॅकेट चार वर्षं वापरल्यासारखं मऊ होतं. धुऊन आलं आणि वाट लागली. बाहीची शिवण बगलेपासून मनगटापर्यंत सरळ खाली उतरायला हवी. ती गोल फिरली. अंगात घातलं की हात कुणीतरी मुरगळलाय असं दिसतं. सहा वेळा शिवलं, सहाही वेळा तेच. आणि गंमत बघ, उजव्या बाहीची शिवण पुढे येते आणि डावीची मागे जाते. शिवण्यात चूक असती तर दोन्ही सारख्या वागल्या असत्या ना?

बाई फेब्रुवारीच्या शेवटी परत येणार आहे. तिला असली बाही दाखवली तर ती उठून जाईल. शेठने या कामाच्या भरवशावर चाळीस नव्या मशीन मांडल्यात, चाळीस बायका घेतल्यात. तो म्हणतो, बायांचा हात सारखा नाही, दोघी-तिघींना काढा म्हणजे बाकीच्या सरळ होतील. मला वाटतं दोष कापडात आहे, पण मी कापड शिवते, त्याच्या आत काय चालतं ते मला कळत नाही. तू मिलच्या साचाखात्यात, मागांवर, सतरा वर्षं विणलंस. दुसरं कोणाला विचारू?

सोबत दोन तुकडे पाठवते, एक कोरा आणि एक धुतलेला. उत्तर आईच्या नावाने पाठवलंस तरी चालेल.

आणखी एक लिहायचं होतं. राहू दे आत्ता.

सुगंधा


कणकवली,
२२ जानेवारी १९८७

सुगंधा,

तुकडे मिळाले. भिंग घेऊन बघितले.

शिवणाऱ्या बायकांचा दोष नाही. कुणाला काढू नका असं शेठला सांग.

साध्या कापडात आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो, एकाखालून जातो. ताण दोन्हीकडे सारखा. तुमच्या कापडात उभा निळा धागा तीन आडव्यांवरून जातो आणि एकाखालून. म्हणून वरून निळं दिसतं, खालून पांढरं, आणि अंगावर तिरक्या रेघा दिसतात. ताण त्या रेघेच्या बाजूला बसलेला असतो. कांजी आहे तोवर कापड गप्प राहतं. पाणी लागलं, कांजी गेली, की ते आपल्या रेघेकडे वळतं. तो कापडाचा स्वभाव आहे. दोन्ही बाह्या एकाच कापडाच्या, म्हणून दोन्ही एकाच बाजूला फिरतात. तुला एक पुढे आणि एक मागे दिसते, कारण दोन हात आरशातल्यासारखे एकमेकांचे उलटे आहेत.

कोऱ्या कापडावर अठरा इंचांचा चौकोन काढ. न पुसणाऱ्या शाईने. धुऊन बघ किती कलतो. प्रत्येक ताग्याचा वेगळा काढ, कारण एका साच्याचा ताण दुसऱ्यासारखा नसतो.

उपाय मला ठाऊक नाही. आम्ही कापड विणून दिलं, पुढे त्याचं काय झालं ते कधी बघितलं नाही.

कापड बरं आहे. विणणाऱ्याचा हात बरा आहे. कुठल्या मिलचं ते विचारत नाही.

आईला नमस्कार.

धाकू


दहिसर,
८ मार्च १९८७

प्रिय दादा,

आपल्या गावचा खंडू शिमग्याला घरी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पुडकं पाठवते. पुडकं आधी उघडू नकोस. आधी वाच.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा मास्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं कापड कापतोय, मला हे कोणी सांगितलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी अकरा ताग्यांचे अकरा तुकडे घेतले, चौकोन काढले, धुतले, गच्चीवर वाळत टाकले. वाळल्यावर गुण्या लावला. एकही चौकोन चौकोन राहिला नव्हता. सगळे एकाच बाजूला कललेले, कुठे अर्धा इंच, कुठे पाऊण, एका ताग्याचा तर सव्वा इंच. लांबीलाही आटले होते. मास्टर खाली बसून बघत राहिले. मला रडू यायला लागलं, कारण तुझा शब्दन्‌शब्द खरा होता आणि उपाय तर तुलाही ठाऊक नव्हता.

उपाय मला भाकरी थापताना सुचला. सांगण्यासारखं काही नाही, नुसतं सुचलं. सरळ काढलेला चौकोन धुतल्यावर उजवीकडे कलतो. मग आधीच तेवढाच डावीकडे कललेला काढला तर? धुतल्यावर तो सरळ होईल! म्हणजे बाही कागदावरच वाकडी काढायची. ज्या ताग्याचं कापड जितकं वळतं, तितकी वाकडी.

मी काढली. मास्टर बघून म्हणाले, "ही बाही आहे की केळीचं पान?" शेठने तर हात जोडले. "सुगंधाबाई, लोक वाकडं सरळ करतात, तुम्ही सरळाचं वाकडं करताय. असं कापलं तर कापड किती जाईल?" मी बोलत बसले नाही, पण तिथून हललेही नाही. शेवटी मास्टरच म्हणाले, "शेठ, एक जॅकेट शिवू. एक हात हिचा, एक हात माझा. धुवून येऊ दे. मग बोला."

तसं शिवलं. डावी बाही नेहमीच्या बेताची, उजवी माझी. न धुता घातलं तेव्हा माझीच वाकडी दिसत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. धुवायला गेलं त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं, दोनदा बोटात सुई गेली असती.

धुऊन आलं. मास्टरांनी ते खुंटीला टांगलं आणि लांब जाऊन चष्मा नीट केला. डावी बाही मुरगळलेली. उजवी, दादा, ओळंबा सोडल्यासारखी सरळ. बगलेतून निघालेली शिवण मनगटाला बरोबर जिथे यायला हवी तिथे. मास्टरांनी कमरेला बांधलेली कात्री सोडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "उद्यापासून बेत तू काढायचा. माझे हात आणि ही कात्री आता तुझ्या बेतावर चालणार."

बाई चोवीस तारखेला आली. आम्ही दोन जॅकेटं तयार ठेवली होती, दोन्ही बाह्या माझ्या बेताच्या. तिने ती बाहेरून बघितलीच नाहीत, आधी आतून उलटली. एकेक शिवण बोटाने चाचपली, खिसे ओढून बघितले, बटणं दोन्ही हातांनी खेचली. मग अंगात घातलं, हात वर केले, खाली केले, आणि तिरक्या खिशांत हात घालून तशीच उभी राहिली. काढेचना! शेठ पुढे होऊन इंग्रजीत काहीतरी सांगायला लागला, आमचे मास्टर चाळीस वर्षांचे अनुभवी वगैरे. मास्टरांना तेवढं इंग्रजी कळतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "नॉट मी. शी."

बाई माझ्याजवळ आली. शेठ मधे उभा राहून मराठीत म्हणाला, "विचारतेय, कापडाचं हे कुठे शिकलीस?" त्याच्या डोळ्यांत दिसत होतं मी काय म्हणायला हवं ते. इथेच, या कारखान्यात शिकले. मी म्हटलं, "माझ्या थोरल्या भावाकडून. तो मिलमध्ये साच्यांवर होता. संपात नोकरी गेली." शेठने काहीतरी चार शब्दांत उरकलं. त्यात भाऊ नव्हता, एवढं मला कळतं. मग मीच मोठ्याने म्हणाले, "माय ब्रदर. मिल. ही वीव्ह." आणि हाताने धोटा फेकून दाखवला. तिने माझा हात धरला. सगळ्या चाळीस जणी बघत होत्या.

बाराशे नगांची ऑर्डर मिळाली. पगारपत्रकावर माझ्या नावापुढे आता 'पॅटर्न मास्टर' लिहिलंय. मास्टरीण लिहायचं की मास्टर, यावर ऑफिसात पाऊण तास वाद झाला.

एवढं सगळं आनंदाचं लिहिलं. आता जे मागच्या पत्रात राहू दिलं ते लिहिते, नाहीतर पुडकं पाठवायचा मला अधिकार नाही.

संपाला दीड वर्ष होऊन गेल्यावर मी या कारखान्यात लागले, तेव्हा तू म्हणाला होतास, तुमच्याकडे भिवंडीच्या मागांवरचं कापड येतं. ज्या कापडाने आमचं काम खाल्लं ते शिवायला माझी बहीण जाणार नाही. मी गेले. घरात चूल पेटवायची होती. त्यावर तू माझ्याशी बोलायचं टाकलंस, ते मला समजत होतं. पण ऑक्टोबरात तू एकदा कारखान्याच्या गेटवर आला होतास. आम्ही जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो होतो. तू पलीकडे उभा होतास, दाढी वाढलेली, शर्टाचं बटण तुटलेलं. सुपरवायझरने मला विचारलं, "तो कोण? मघापासून तुझ्याकडे बघतोय. संपवाला आहे काय?" तेव्हा संपवाल्यांच्या घरचं कोणी असलं की काढून टाकत होते. मी म्हटलं, "माझा कोणी नाही. आमच्या चाळीत राहतो. दारू पितो."

तू जन्मात दारूला शिवला नाहीस.

त्याने दोन माणसं पाठवून तुला हटकलं. तू काही न बोलता निघून गेलास, आणि चौथ्या दिवशी वहिनीला घेऊन गावी. मी किती मोठ्याने बोलले होते, तुझ्यापर्यंत ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही. तीन वर्षं मी हेच मोजतेय, रस्ता किती रुंद होता. ऐकलं नसशील तर आता वाचलंस. माफी मागायला शब्द शोधले, सापडले नाहीत. बाईसमोर मी तुझं नाव सांगितलं म्हणून आधीचं पुसलं गेलं असं मी समजत नाही.

पुडक्यात ते पहिलं जॅकेट आहे, एक हात सरळ आणि एक वाकडा. विकायचं नव्हतंच. मास्टर म्हणाले, ज्याने ओळखलं त्याला पाठव.

शेवटचं. प्रत्येक तागा आता तपासून, मोजून घ्यावा लागणार. शेठ कापड ओळखणारा माणूस शोधतोय. मी तुझं नाव दिलेलं नाही. तुला न विचारता तुझ्याबद्दल कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलंय. तू हो म्हणालास तर सांगेन, नाही म्हणालास तरी जॅकेट तुझंच.

वहिनीला नमस्कार.

तुझी, म्हणवून घ्यायला जागा ठेवली असशील तर,
सुगंधा


कणकवली,
२२ मार्च १९८७

चि. सुगंधा हिला आशीर्वाद. हा मी लिहिलेला आहे, पदरचा वाचू नकोस.

खंडूने पुडकं दिलं. आधी उघडलं, मग वाचलं. तू सांगितलेलं मी कधी ऐकलं आहे?

जॅकेट उलटून आतून बघितलं. इंचाला आठ टाके आहेत, मी जागोजाग मोजले. एका ठिकाणी नऊ आहेत, डाव्या खिशाखाली. शिवण कुठे सुटलेली नाही. पाठीला दिलेलं जादा कापड कळलं. शिमग्याला ते घालून मांडावर, सगळा गाव जमतो तिथे, गेलो. मार्चच्या उन्हात जॅकेट बघून लोक हसले. मी प्रत्येकाला दोन्ही हात दाखवले, हा डावा कापडाच्या मर्जीने गेलेला आणि हा उजवा माझ्या बहिणीने सरळ आणलेला. दळण घेऊन येणाऱ्या बायकांनाही दाखवले. मालन म्हणाली, आता पुरे, पीठ लागेल त्याला. मग काढलं.

वाकडी बाही धुऊन सरळ होते हे मला सतरा वर्षांत सुचलं नसतं. आम्ही फक्त विणत होतो. तू त्याच्या पुढे गेलीस. हे मी आईला वेगळ्या पत्रात लिहिणार होतो, पण तेही तूच वाचणार, म्हणून इथेच लिहिलं.

गेटचं. ऐकलं होतं, गो. दारूचंही ऐकलं.

पण मी तिथे कशाला आलो होतो ते तुला ठाऊक नाही. भेटायला नव्हतो आलो. सगळ्यांसमोर तुझा हात धरून तुला ओढत घरी न्यायला आलो होतो. थोरला भाऊ म्हणून. मालनला तसं सांगूनच निघालो होतो. तू त्या माणसाला काय सांगितलंस ते ऐकलं आणि माझे पाय तिथेच थांबले. ही एवढं बोलते म्हणजे हिला हे काम किती हवंय, हे मला तेव्हा कळलं. मग दोन माणसं आली आणि मला जायला निमित्त मिळालं. तू कोणी नाही म्हणालीस म्हणून मी गावी आलो नाही. त्या दिवशी मी काय करणार होतो, त्याची लाज वाटून आलो. तीन वर्षं तुला ओळ लिहिली नाही ती त्यामुळे. तू मात्र रस्ता मोजत बसलीस. माझंच चुकलं, बाय.

इकडे कोणी विचारलं की धाकू काय करतो, तर लोक सांगतात गिरणीत आहे. खोटं नाही, पिठाच्या आहे. पण मला कापडाचा वास आठवतो, कोऱ्या कांजीचा. तू पाठवलेले दोन तुकडे मी उशाखाली ठेवले होते, मालनने बघितले तेव्हा काहीतरी थाप मारली.

पाडवा करून मंगळवारच्या एसटीने निघतो, बुधवारी सकाळी बोरिवलीला उतरेन. आईला सांग, न्यायला कोणी येऊ नका. शेठला माझं नाव दे. राजाराम मास्टरांना माझा नमस्कार सांग आणि चौकोनाची शाई चांगली बघून आणायला सांग, पहिल्या पाण्यात फिकी होते ती नको.

नवे तागे आले असतील तर मी येईपर्यंत उघडू नका.

तुझा
दादा